कार्बोरेटरमधल्या अक्षता

जो येतो तो माझ्या गाडीकडं बघून एकच विचारतो, "अजून हीच?" जणू मी कुणाचं काही अडवून ठेवलंय. हो, हीच. आठशे सीसीची, कार्बोरेटरची, चोक ओढून चालू होणारी, हँडल फिरवून काच खाली घ्यायची. कागदपत्रांची मुदत वाढवून आणली आहे, धूर तपासून घेतला आहे. आणि इंजिन मी स्वतः सांभाळते. प्लग काढून घासते, ऑइल बदलते, रेडिएटरचं पाणी बघते, फिल्टर झटकते. नवऱ्याला यातलं काही कळत नाही. तो फार तर टायरला लाथ मारून "हवा आहे" म्हणतो, आणि तेही चुकतं.

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणींनी भिशी लावली, मी पाने-पकडी घेतल्या. हौस म्हणून नाही. माझी आई दुसऱ्या कुठल्या गाडीत बसत नाही, म्हणून.

काचा बंद करून गार हवा सोडली की तिला मळमळतं. पुण्याचा माझा भाऊ एकदा नव्या गाडीतून तिला घेऊन निघाला, तर जवळचंच वाठार यायच्या आधीच सीटकव्हर धुवायची पाळी आली. तेव्हापासून तो तिला न्यायचं नाव काढत नाही. मला मात्र फोनवर सांगतो, "ताई, ती गाडी भंगारात दे की." भंगारात दे म्हणे! आधी आपल्या सीटकव्हरला विचार म्हणावं.

वडील गेल्यावर आई पेठ वडगावच्या घरात एकटीच राहायची. मी कळंब्यातून दर रविवारी जायची. पहिल्यांदा न्हाणीत पडली, ते तिनं लपवलं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा दूधवाल्यानं दार ढकललं म्हणून कळलं. मग मी हटूनच बसले, माझ्याकडं चल. ती म्हणाली, "लेकीच्या दारात म्हातारपण काढू व्हय? लोक तोंडात शेण घालतील."

मी म्हटलं, लोकांचं शेण लोकांपाशी. भांडण झालं. दोघीही हट्टी, कुणी कुणाला सोडेना. शेवटी एका रविवारी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "येतो. पण माझी एक अट हाय." शाळेत शिकवून माझं 'येते' झालं. आई आमच्याकडच्या बायांसारखं अजून 'येतो'च म्हणते. अट अशी होती की ही गाडी चालू पाहिजे. मनात आलं की त्या दिवशी वडगावला सोडायचं. 'आज नाही, उद्या' चालणार नाही. "गाडी बंद पडली की मी अडकलो. चालू हाय तवर राहतो."

मी कबूल झाले. दुसरं काय करणार?

खंडेनवमीला मी वडगावला गेले. दसऱ्याला सोनं वाटून तिला घेऊन निघायचं ठरलं होतं. रस्त्याच्या कामाची धूळ खाऊन फिल्टर भरला होता, म्हणून अंगणात गाडी लावून मी बोनेट उघडलं, वरचं झाकण काढलं आणि फिल्टर झटकायला परसात गेले. तेवढ्यात आई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. लोक बोनेटला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. आईचं म्हणणं वेगळं. "वरच्या पत्र्याची कसली पूजा? चालतंय ते मशीन." आणि मशीनचं तोंड उघडं दिसलं, तेव्हा तिनं ओल्या कुंकवाच्या चिमूटभर अक्षता थेट तोंडात घातल्या. माणसाला घास भरवावा तशा. मी परत आले तेव्हा ती निरांजन ओवाळत होती. मी फिल्टर बसवला, झाकण लावलं, नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. सामान म्हणजे एक कापडी पिशवी आणि देवांचं गाठोडं. आईनं दाराला कुलूप लावलं, कुलूप ओढून बघितलं आणि दाराला म्हणाली, "येतो गं." मी दुसरीकडं बघत उभी राहिले. ती मागच्या सीटवर बसली, काच खाली घेतली, पिशवी मांडीवर घट्ट धरली.

मी चोक ओढला, रेस दोनदा दाबली, चावी फिरवली. आणि आत्ता गं बया! गाडी जी केकाटली! रेसवरचा पाय काढला तरी आवाज उतरेना. शेजारपाजारचे दारात आले. मी चावी बंद केली, परत लावली, परत तेच. आज गाडी निघाली नाही तर आई उतरणार, कुलूप उघडणार आणि परत काही केल्या यायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मागून आवाज आलाच, "देवाच्या मनात न्हाय वाटतं."

"देवाला मधे घालू नकोस," मी म्हटलं आणि उतरले.

झाकण काढलं, फिल्टर काढला, आत डोकावले. कार्बोरेटरच्या गळ्यात लाल तांदूळ! खाली हवा अडवायची जी पितळी चकती असते, तिच्या कडेला दाणे रुतून बसलेले. चकती मिटेना, म्हणून गाडी ओरडत होती. जगात कुठल्या गाडीला हा आजार झाला असेल?

"आई, आत अक्षता कुणी टाकल्या?"

"मी. का?"

मला आधी चीड आली, मग हसू फुटलं. तिला उतरवून दाखवलं. दाणे काढायला चिमटा जाईना. तिच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतला, टोकाला ग्रीस लावलं आणि एकेक दाणा चिकटवून वर काढला. ती तळहात पुढं करून उभी. "फेकू नको, पूजेच्या हायत." शेवटचा दाणा निसटून आत गेला तो गेलाच.

"आता?" तिनं विचारलं.

"काही नाही. पोटात जळून जाईल."

"मग देव पावला म्हण." हातातल्या काळ्या-लाल दाण्यांकडं बघत ती म्हणाली, "अक्षता पडल्या की गं हिच्यावर. लगीन लागलं."

मी बोलून गेले, "मग चला आता सासरी."

याच अंगणातून तिनं मला सासरी पाठवलं होतं, तेव्हा मी पिशवी अशीच मांडीवर धरली होती. तिनं दाणे पदराच्या टोकाला बांधले आणि आपली आपण गाडीत जाऊन बसली. गाडी एका चावीत लागली.

कळंब्यात आल्यावर ती पिशवी तिनं सोडलीच नाही. कॉटच्या दांड्याला अडकवून ठेवली. लागेल ते लुगडं काढायचं, धुवून परत आत घालायचं. रोज सकाळी चहाचा कप घेऊन पोर्चच्या जाळीपाशी उभी राहायची. "लाव बघू." मी गाडी चालू करायची. इंजिन गरम होऊन आवाज खाली बसेपर्यंत ती ऐकायची, "हां" म्हणायची आणि आत जायची. नवरा म्हणायचा, पेट्रोल जाळता दोघी. जाळतो! कुणाच्या आईला कशावर धीर येईल, सांगता येतं का?

खरं सांगते, त्या दिवसांत मी त्या इंजिनला जेवढं जपलं तेवढं कुणाला जपलं नसेल. जरा आवाज बदलला की मी बोनेट उघडायची. तिनं जायचं म्हटलं आणि गाडी लागली नाही, तर तिला वाटणार, लेकीनं फसवलं. आणि लागली तर ती जाणार. दोन्हीकडून माझंच मरण.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिनं "हां" म्हटलं नाही. "सोड मला," म्हणाली. मी चपला घातल्या. वडगावला तिनं दार उघडलं, जाळी-जळमटं काढली, अंगण झाडलं, पिठलं-भाकरी केली. मी पायरीवर बसून राहिले, निघते म्हणायचं धाडस होईना. ऊन कलल्यावर ती बाहेर आली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. "येतो गं," दाराला म्हणाली आणि मला, "बसलीस काय? गाडी लाव."

उन्हाळ्यात कार्बोरेटर गळायला लागला. शाहूपुरीतल्या मिस्त्रीकडं तो सोडावा लागला, आणि गाडी बिनकार्बोरेटरची दारात. आईला सांगायला मला भीती वाटत होती. चांगली साठीची बाई मी, आणि भीती! ती म्हणाली, "मग येईल तवा येईल," आणि कॉटची पिशवी काढून कोपऱ्यावर भाजी आणायला गेली. लुगडी कपाटात कधी गेली, मला कळलंच नाही.

यंदाची खंडेनवमी कळंब्यातल्या दारात झाली. मी शहाणपण करून फिल्टर आदल्या दिवशीच साफ केला होता, झाकण घट्ट बसवलं होतं. आई ताट घेऊन आली. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, अक्षता मुठीत घेतल्या आणि थांबली.

"झाकण काढ की."

"कशाला?"

"आत टाकतो दोन दाणे."

"आई, विसरलीस काय? मागच्या वर्षी गाडी जागची हलत नव्हती."

"तेच म्हणतोय," ती म्हणाली. "अडकू दे."

ती माझ्याकडं बघत नव्हती, इंजिनकडं बघत होती. मी झाकणाचा नट हातानं उगीच आणखी पिळला.

"नको," म्हटलं, "उद्या सोनं आणायला जायचंय आपल्याला."