रायफल बघायला येणारे गृहस्थ

बंदुकीच्या तेलाचा वास आला की जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावातला तो हिवाळा आठवतो. यजमान गेल्यावर मी त्यांची नेमबाजीची रायफल विकायला काढली होती. जाहिरात वाचून एक वयस्कर जर्मन गृहस्थ दर शनिवारी यायचे. आधी परवाना दाखवायचे, मग कधी दस्ता जड म्हणायचे, कधी नळीला नावं ठेवायचे आणि चहा पिऊन तसेच परत जायचे. शेवटी मी वैतागून विचारलं, “आल्झो, म्हणजे मग, घ्यायची आहे की नाही?” ते खाली बघत म्हणाले, “घेतली तर पुढच्या शनिवारी यायला निमित्त काय उरेल?” मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. पुढे रायफल दुसऱ्याच कुणी नेली, तसं मी त्यांना कळवलं आणि त्यांचं येणं थांबलं. आता शनिवारी घर मलाही खायला उठतं.