बसणारे बैल

औंढ्याच्या कम्प्युटर क्लासमध्ये माझी मैत्रीण गेम बनवायची. तांड्यावरची पोरगी. तिच्या घरचे पूर्वी बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर फिरायचे, तोच तिचा गेम. बैल हाका, मीठ बाजारात पोचवा. पहिल्या भागात बैल नुसते पळायचे. शाळा सुटली की पोरं क्लासवर तुटून पडायची. आमचे सर जाम खूश.

दुसऱ्या भागासाठी तिनं रक्त आटवलं. चित्रं मी काढायची, डायरेक्टर ती.

"ह्या बैलाचं शिंग असं नसते. परत काढ."

"अगं बाई, शिंग कोण बघून राहिलं?"

"मी बघून राहिले ना!"

लाइट गेली की घाम पुसत बसायचं, आली की पुन्हा सुरू. आज्याला विचारून विचारून तिनं एक गोष्ट नवी घातली. बैल थकला की बसणार. मग गोणी उतरवा, पाणी पाजा, थांबा. थकल्या बैलाला हाकणं म्हणजे त्यांच्या तांड्यात पाप. सगळे बैल बसले की घुंगरांचा आवाज हळूहळू थांबायचा. तिथं माझे डोळे भरून यायचे, खरं सांगते.

पोरांनी मात्र तिला धू धू धुतलं. "काहून बसून राहिलं हे? गेम हाय का गोठा?" "पहिला हिनंच बनवला व्हता का?" तेही तिच्या तोंडावर! मी एकाची कॉलरच धरली, तर सर माझ्यावरच ओरडले. वर तिला म्हणाले, "सोमवारपर्यंत बैल पळव, न्हाई तर मी गेमच काढून टाकतो."

मी तिच्या हातापाया पडले. "नको बदलू गं. टाकू दे काढून." ती डबाही उघडेना.

सोमवारी तिनं गेममधून थकवाच काढून टाकला. बैल बसायचे बंद झाले. पोरांनी शिट्ट्या मारल्या, "आता कसं!" तिचे बैल उन्हातून, नदीतून, गोण्यांसकट धावत सुटले. तिला बघवेना. ती बाहेर पडली, मी मागोमाग.

स्टँडवर मी म्हटलं, "आपण दुसरा बनवू. तुझ्या मनासारखा."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी. मी खेळते ना!"

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला. एस.टी. लागली होती.

"एका माणसासाठी एवढं करायला आता जीव न्हाई राहिला गं माझ्यात," म्हणाली, आणि चढली.