कॅनचं गोड पाणी

सासूबाईंनी सकाळी मला "कोण वं तू?" असं विचारलं, तेव्हा माझा पहिला संशय धाकट्या जावेवर गेला. खोटं काऊन सांगू! त्यांच्या रोजच्या गोळ्या तिच्याच हातात होत्या.

आमच्या संग्रामपूरकडे बोअरचं पाणी खारं. गल्लीत कोणाची ना कोणाची किडनी गेलेली. सासूबाईंना बीपी निघाला आणि मी धसकाच घेतला. कॅनचं गोड पाणी लावलं, भाजी-वरण अळणी केलं, वर दर तासाला भरला तांब्या त्यांच्यापुढे धरायचे. "पोट तट्ट झालं वं," त्या कुरकुरायच्या. "प्या, किडनी धुऊन निघते," मी दटावायचे. डॉक्टरांनी असलं काही सांगितलं नव्हतं, पण माझं डोकं जास्त चालतं ना!

काही दिवसांनी त्यांना मळमळ सुरू झाली, मग सारखी झोप, मग ही असंबद्ध बडबड. जाऊ अंगणात गेलेली पाहून मी गोळ्यांचं पाकीट तपासलं. सगळं बरोबर होतं. पण संशयाला औषध नाही म्हणतात ते खरं. तिनं केलेला चहासुद्धा मी हुंगला, आणि नेमकं तिनं पाहिलं.

"बाई, मी काय जहर देऊन राह्यली का त्याईले?"

"तुझं तुलेच ठाऊक!" मी फाडकन बोलले.

दुपारी सासूबाईंना फिटचा झटका आला. गाडीत जावेनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि मी मेली तिच्या हातांवर नजर ठेवून बसले. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठच म्हणा, फार उतरलंय. बीपीच्या गोळीनं लघवीवाटे मीठ जातं, त्यात अळणी जेवण आणि वरून पाण्याचा मारा. मेंदूला सूज आली. जीव वाचतो की नाही, तेही सांगता येत नव्हतं.

"इतकं पाणी पाजत कोण होतं?"

जाऊ खाली मान घालून उभी राहिली. शेवटी मलाच म्हणावं लागलं, "मी."

चौथ्या दिवशी सासूबाई माणसं ओळखू लागल्या. डॉक्टरांनी मोजून दिलेलं अर्धा पेला पाणी मी त्यांच्या ओठांशी नेलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड घट्ट मिटलं.

"तू नोको," मग म्हणाल्या. "धाकलीले दे तो गिलास."