दोकुसाईचा हुकूम

लेक उद्या सगळ्यांसमोर खोटं बोलेल की काय, ही धास्ती काही केल्या मनातून जात नाही. आणि नाही बोलली तर हातचं काम जाईल, ही दुसरी.

ती जपानी भाषेची दुभाषी. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून, पाहुणा बोलत असतानाच त्याचं बोलणं आपल्या भाषेत सांगते. तेही 'ते म्हणतात' असं नव्हे; तो 'मी' म्हणाला की हीही 'मी'च म्हणते. जोडीदार दुभाष्यानं माइक घेतला की तेव्हा कुठे घोटभर पाणी.

राज्यकारभाराचे शब्द तिनं आमच्या स्वयंपाकघरात पाठ केले. फ्रिजवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या: योतो, सत्ताधारी पक्ष. यातो, विरोधी पक्ष. रेन्रित्सु, आघाडी. एकदा मी टीव्ही बंद करून सगळ्यांना जेवायला उठवलं, तर म्हणाली, "आई, तू म्हणजे अस्सल दोकुसाई. हुकूमशाही!"

"आणि मी गं?" तिच्या बाबांनी विचारलं.

"तुम्ही यातो. नुसती कुरकुर, हाती काही नाही."

तेव्हापासून घरात मी दोकुसाईच.

आज परिसंवादात जपानी पाहुण्यांनी यजमान सरकारच्या कारभाराला तोंडावर हुकूमशाही म्हटलं. हिनं तसंच सांगितलं. सभागृहात एकच गलका. नंतर आयोजकांनी हिला बाजूला घेतलं. "पाहुणे 'एकाच पक्षाचं वर्चस्व' म्हणाले होते, चूक माझी, असं उद्या मंचावर सांगून टाका. नाहीतर पुन्हा बोलावणं अवघड आहे."

तिचा फोन आला तेव्हा बाबा म्हणाले, "दोन शब्द बोलून मोकळी हो. जातंय काय?"

"माझा कान जातो, बाबा. उद्यापासून त्याच्यावर कोण विसंबेल?"

तो कार्यक्रम मी मोबाइलवर पाहिला होता. लेकीच्या आवाजामागून पाहुण्यांचा आवाज येत होता. इतर सगळं माझ्या डोक्यावरून गेलं, पण "दोकुसाई" ऐकलं आणि कुणी हाक मारावी तशी मान वळली. पुढच्याच क्षणी लेकीचा आवाज, जराही न कापता: "मी याला हुकूमशाही म्हणतो." ऊर भरून आला माझा.

जागीच असेल ती. लावते फोन. म्हणावं, दोकुसाई बोलतेय, हुकूम ऐक: एक अक्षर बदलायचं नाही.