जिवंत माणूस फळ्यावर

आमच्या विचुंब्यात देवळाच्या बाजूला एक काळा फळा आहे. त्यावर नाव चढलं की माणूस गेला, असं समजायचं. वर मोठ्या अक्षरांत नाव, खाली अंत्ययात्रेची वेळ आणि उत्तरकार्याचा वार. दुसरं काही त्यावर कधी लिहिलंच गेलं नाही. एकदा लिहिणाऱ्याने उत्तरकार्याचा वार चुकवला, तर अर्धे सोयरे आदल्या दिवशीच येऊन ओट्यावर बसले. घरच्यांनी मुकाट डाळभात शिजवला, पण फळ्याला कुणी दोष दिला नाही. एवढा विश्वास!

वाढदिवसाची गोष्ट वेगळी. त्याला बॅनर असतो, काळा गॉगल घातलेला, आणि तो ज्याचा त्यानेच लावलेला असतो. पण दुसऱ्याने आपल्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत, तर त्यासाठी आमच्याकडे मरावं लागतं. हे मी रागाने लिहितोय. राग कशाचा, ते सांगतो.

माझा पुतण्या परेश. त्याची बायको भावना. पनवेल तालुक्यात हळद असो की साखरपुडा, तांदळाच्या भाकऱ्या हव्या असल्या की हिच्याकडे ऑर्डर. पहाटे चूल पेटली की हिचं तोंडही सुरू. भाकरी थापता थापता अशी एकेकाची गोष्ट सांगेल की समोरचा ऑर्डर न्यायला आलाय हे विसरून पाटावर बसतो. मी स्वतः गोष्टी सांगणारा माणूस, माझ्यासमोर सहसा कुणी टिकत नाही. पण भावना बोलायला लागली की मी गप्प बसतो, आणि मला ते आवडतं.

नव्या टॉवरमध्ये दिपिका नावाची एक मुलगी राहते. भाकऱ्या न्यायला येते. तिने एक दिवस भावनाला मोबाईलवर बायकांच्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथला खेळ असा, की महिनाभर रोज आपल्या आसपासच्या एका माणसावर थोडं लिहायचं आणि सगळ्यांना वाचायला टाकायचं. एक दिवस चुकला की खेळातून बाद.

"मी काय लिवनार?" भावना म्हणाली. "मी दहावीला बसले पन नाय."

"ताई, तुम्ही बोलता तसंच लिहा ना," दिपिका म्हणाली.

आता बोलायला हिला कुणाची भीती नाही, पण लिहायचं म्हटलं की हात आखडायचा. मी ओट्यावरून बघायचो. फोन हातात घ्यायची, अंगठ्याने टकटक करायची, ओठांत वाचायची, की सगळं पुसून फोन पिठाच्या डब्यावर पालथा! असा एक महिना वाया गेला. ग्रुपवर दुसरा महिना सुरू होणार होता. त्याच्या पहिल्या दिवशी सकाळी बघतो तर बाई खडू घेऊन देवळाकडे निघालेली.

"कुठं गो?"

"फळ्यावर लिवते, नाना. फोनवरचा पुसायला कोन बघत नाय, म्हनून मी पुसते. फळ्यावरचा पुसायला चार लोकांसमोर हात न्यावा लागंल. मग नाय पुसनार. लिवून झाला की फोटो काढून ग्रुपवर टाकते."

काय डोकं चालवलं! मला इतका आनंद झाला की मी पायात चपला न घालताच मागे गेलो.

तिने वर मोठं नाव लिहिलं: काशिराम. खाली लिहिलं ते असं. आमचा काशिराम नाक्यावर बसतो. नव्या बिल्डिंगींची नावं सगळी सारखीच, त्यात डिलिव्हरीवाले हमखास चुकतात. काशिराम त्यांना नुसता रस्ता सांगत नाही, सोबत चालत जातो. कधीकधी स्वतःच चुकीच्या बिल्डिंगीत नेतो. पण मग माफी मागून परत फिरतो आणि बरोबर दार सापडेपर्यंत त्या माणसाला एकटं सोडत नाही. शेवटी लिहिलं होतं, असा माणूस नाक्यावर आहे म्हणून गाव अजून गाव आहे.

मी दोनदा वाचलं. भावनाने फोटो पाठवला आणि ती चुलीकडे पळाली, कुणी बघेल या भीतीने.

कुणी तरी बघितलंच. मोटरसायकलवरून जाता जाता, लांबून. त्याला दिसलं ते एवढंच, की फळ्यावर काशिरामचं नाव आहे. थांबून दुसरी ओळ वाचायची तर गाडीवरून पाय टेकवावा लागला असता! त्याने मोबाईलवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, पुढच्याने हात जोडले, त्याच्या पुढच्याने फूल लावलं. चुलीवरचा भात उतरायच्या आत बातमी करंजाला पोचली. तिथे काशिरामची बहीण रंभा दिलेली आहे.

रंभा टेम्पो भरून बायका घेऊन आली. हातात मयतावर घालायचं कापड. वेशीपासूनच टाहो, "माजे दादा रं! मला न सांगता गेलास रं!"

काशिरामची बायको मैना ओट्यावर सुकट निवडत होती. नवरा सकाळपासून घरात नव्हता, फोन फळीवर पडलेला. दारात रडणाऱ्या बायका बघून तिने सुकट तशीच टाकली. तिला वाटलं, रस्त्यावर काही झालं आणि सगळ्यांना कळलं, मलाच नाही सांगितलं. तीही ऊर बडवायला लागली. शेजारची चूल विझली. दोन माणसं बांबू आणायला गेलीसुद्धा!

आणि तेवढ्यात काशिराम आला. कुठल्याशा डिलिव्हरीवाल्याला सोडून, घाम पुसत. दारातली गर्दी बघून त्याने टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोन गेला?"

रंभा ओरडली, "तू!"

"मी? कवा?"

मी हसलो, खोटं कशाला बोलू. पण मैना हसली नाही. ती त्याचा सदरा धरून रडत राहिली, आणि भावना गर्दीच्या कडेला उभी राहून तिच्याकडे बघत होती.

आता सांगा, दोष कुणाचा? न वाचता पुढे ढकलणाऱ्याचा. आमच्या लहानपणी शाळेत एकच गुरुजी चार वर्गांना शिकवायचे. पण धडा अर्धा वाचून मान हलवली की ते कान असा पिळायचे की उरलेला धडा घरी जाताना आपोआप आठवायचा. इथे गावभर पदव्या लटकल्यात भिंतींवर, आणि एकालाही दुसरी ओळ वाचवली नाही! त्या मोटरसायकलवाल्याचं कुणी नावही विचारलं नाही. सगळे वळले भावनाकडे.

मंडळाचा अध्यक्ष भगवान ओला फडका घेऊन आला आणि त्याने फळा पुसला. "फळा मयताचा हाय," म्हणाला. "सूनबाय, भाकऱ्या थापायच्या त्या थापा. लिवन्याचे चाळे बंद."

परेशनेही मान खाली घातली. "लाज काढलीस," एवढंच बोलला. मी बोलायचा तेवढा बोललो, दोघांनाही. वयाचा एक फायदा असतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही. पण भावनाला त्याचा काय उपयोग?

संध्याकाळी ती म्हणाली, "मला पयल्यापासून वाटत व्हता, नाना. हा आपला काम नाय. बिचाऱ्या मैनाकाकीला रडवली मी." उद्या काही लिहिणार नाही, बाद तर बाद, हे तिचं ठरलं होतं. मी समजावलं, रागावलो, गुरुजींची गोष्ट परत सांगितली. ती पीठ चाळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात काशिराम आणि त्याच्या मागे मैना. भावना घाबरून उठली. "काकी, माजा चुकला."

"ते ऱ्हाऊ दे," मैना म्हणाली. "मी रडायची ती रडले. पन लिवला काय व्हता? गावाने बघितला, करंजावाल्यांनी बघितला, आमी दोघांनीच नाय. तो भगवान पुसून बसला."

भावनाने अडखळत तोंडी सांगितलं. चुकीच्या बिल्डिंगीचं आलं तशी मैना खुदकन हसली.

"तोंडी नको," काशिराम म्हणाला. "तोंडी लोका काय पन बोलतात. जन्मात माज्यावर कोनी लिवला नाय, बाय. तितंच लिव. मी बाजूला उभा ऱ्हातो, म्हनजे कोनाला डाउट नको."

भावनाने माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोललो नाही, हे मला किती जड गेलं ते मलाच ठाऊक. तिने हात धुतले आणि खडू घेतला.

फळ्यापाशी भगवान होताच. "सांगितला ना, फळा मयताचा हाय?"

भावना खडू न सोडता म्हणाली, "कोनी गेला तर सांगा, काका. माजा पुसून त्यांचा मीच लिवीन. तवर फळा रिकामा हाय ना? आनि काल काकी रडली ती माज्या लिवन्याने नाय, तुमा सगळ्यांच्या न वाचन्याने."

भगवानला काशिरामने हाताला धरून बाजूला केलं, डिलिव्हरीवाल्याला करतो तसं, मायेने. भावना लिहीत गेली. काशिराम आणि मैना एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचत होते. रस्त्याने जाणाऱ्याला काशिराम बोलावून सांगत होता, "जिता हाय मी. वाचा."

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी ती कुणी न सांगता आली. काशिराम पुसला आणि वर मैनाचं नाव घातलं. भगवान मोटरसायकलवरून जाता जाता ओरडला, "आज कोन गेला?"

भावनाने मान वळवली नाही. "कोनी नाय गेला," ती म्हणाली. "गाडी थांबवा आनि वाचा."