आपल्याच लेकीचा धर्मबाप

ग्रीसमधल्या सिरोस बेटावरच्या प्रत्येक जहाजात आरिस्तार्कोस पेटालासचा पैसा होता. पेढी त्याची, टेकडीवरची संगमरवरी हवेलीही त्याचीच. पण या बड्या माणसाचं खरं घर कुठं, तर खाली कातडी कमावणाऱ्यांच्या गल्लीत, इस्त्रीवाल्या गारुफालियाकडे. तिथं तो कॉलर काढून बसायचा आणि तळलेले मासे बोटं चाटत खायचा.

गारुफालिया मूळची शेजारच्या नाक्सोस बेटावरची. सतराव्या वर्षी हवेलीत इस्त्रीकामाला आली, विसाव्या वर्षी तिला मालकापासून दिवस गेले. मालकीण अंथरुणाला खिळलेली, पण जिवंत. मग एक नवरा तयार केला: कोस्मास खलाशी. लग्न म्हणे ओडेसात झालं, आणि महिन्याभरात तो काळ्या समुद्रात बुडाला. गल्लीनं मान डोलावली. गल्ली कशालाही मान डोलावते.

पुढची युक्ती गारुफालियाचीच. "पोरीचे धर्मबाप तुम्हीच व्हा. मग दिवसाढवळ्या या, कोण काय बोलेल?" पेटालासनं बाप्तिस्म्याला, धर्मबापानं लावायचं असतं तसं, पोरीच्या अंगाला तेल लावलं आणि आपल्या आईचं नाव ठेवलं, एवान्थिया. शेजारीण मारूसो म्हणाली, "नशीब काढलंस बाई! नाकसुद्धा धर्मबापाचंच घेतलंय पोरीनं."

कुठून सुचलं गं गारुफालिया, तुला हे! अतिशहाणपण नडतं ते असं.

अकरा वर्षांनी मालकीण गेली. वर्षाचा दुखवटा संपला आणि एका सकाळी पेटालास नवा कोट घालून दारात उभा राहिला.

"चल, पाद्रीबाबांकडे. लग्न ठरवून टाकू. पोरीला माझं नाव मिळेल."

गारुफालियाच्या हातून इस्त्रीखालचा शर्ट जळाला. "अहो, पण तुम्ही धर्मबाप! धर्मबापाशी लग्न लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

"नियम गरिबांना असतात. चर्चचं छप्पर कुणी घातलंय?"

तिनं विश्वास ठेवला. ठेवणार नाही तर काय करेल? पोरीला पांढरा झगा घातला, लग्नाचं सगळं सांगितलं, आणि तिघं निघाली. एवान्थियाला चर्चच्या अंगणात बसवून दोघं आत गेली.

पाद्री यर्मानोसबाबांनी बाप्तिस्म्याची वही उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. "आरिस्तार्कोस, तेल तुझ्याच हातांनी लावलंस ना? धर्माच्या नजरेत धर्मबाप आणि पोरीची आई म्हणजे बहीण-भाऊ. बिशप आला तरी हे लग्न लागायचं नाही."

"छप्पर मी..."

"छप्पर तुझं असेल, धर्म तुझा नाही." मग बाबांनी त्याच्या नाकाकडे पाहिलं, खिडकीतून बाहेर बसलेल्या पोरीकडे पाहिलं आणि बायबल पुढं सरकवलं. "गारुफालिया, हात ठेव. पोरीचा बाप कोण? हाच असेल तर सांग. बापच धर्मबाप झाला, हे मोठं पाप. मला वहीत बापाचं नाव लिहावं लागेल, आणि पोरीच्या नावापुढं अनौरस."

लग्न तर गेलंच होतं. आता निदान बाप तरी! तिनं पेटालासकडे पाहिलं. बोला हो. एकदा 'मी' म्हणा, मग अनौरस तर अनौरस, जगाचं मी बघून घेईन. तिच्या ओठांवर हे सगळं आलं होतं.

पेटालास, ज्याच्या एका शब्दावर जहाजं सुटायची, तो हातातली हॅट गोल गोल फिरवत राहिला. बाबा थांबले. तीही थांबली. मेल्यानं वर पाहिलं नाही.

एकटीनं बोलून काय उपयोग? डाग पोरीला लागणार, बाप काही मिळणार नाही. गारुफालियानं पुस्तकावर हात ठेवला.

"कोस्मास खलाशी. बुडाला तो."

बाबांनी वही मिटली. पेटालासनं सुटकेचा निःश्वास सोडला, आणि तो तिला ऐकू आला.

अंगणात एवान्थिया धावत आली. "आई, लग्न कधी?"

"कुणाचं गं?" गारुफालिया म्हणाली आणि तिनं पोरीला पेटालासपुढं ढकललं. "पाया पड. धर्मबाप निघालेत."