माझ्या डोक्यावर ठेवलेले हात

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचतो, पण खरं सांगायचं तर पेन्सिल हातात घेऊन. कुठे झोप अपुरी होती, कुठे ऐकीव गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली आहे, ते समासात टिपून ठेवतो. आमचं घर मुरुडचं, बौद्ध. देव, अंगात येणं, भानामती... यांतलं काहीच आमच्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. लातूरला शाळेत मराठी शिकवत असताना, ‘भानामती’त कपडे कसे पेटवले जातात, ते मी विज्ञानाच्या सरांना सोबत घेऊन वर्गात करून दाखवलं होतं. तेव्हा आपणही पुढचं पेन्सिल घेऊनच वाचावं, ही विनंती.

निवृत्तीनंतर मी गावाबाहेरच्या एका लहान कॅथलिक सेमिनरीत मराठी शिकवायला जाऊ लागलो. सेमिनरी म्हणजे फादर होऊ इच्छिणाऱ्या तरुणांचं निवासी विद्यालय. या तरुणांना तिथे ‘ब्रदर’ म्हणतात. पहाटेची प्रार्थना, मिस्सा म्हणजे रोजची मुख्य उपासना, वर्ग, बागेतलं काम, दुपारी चॅपलमध्ये, आवारातल्या लहान प्रार्थनागृहात, मौन आराधना आणि संध्याकाळी समोरासमोर दोन ओळींत बसून स्तोत्रं — एका ओळीने एक चरण म्हणायचा, दुसरीने पुढचा. सगळं घंटेवर. मला, शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला, ती शिस्त आवडली. त्यांची प्रवचनं वाचनीय करणं, एवढंच माझं काम. देवाचा भाग माझ्याकडे नव्हता.

त्यांच्यात सुधाकर नावाचा एक ब्रदर होता (नाव बदललं आहे), भोकरकडचा. शिक्षण संपत आलेलं. आता त्याने बिशपांकडे दीक्षेसाठी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून द्यायचा होता. एकदा दीक्षा झाली की लग्न नाही, घर नाही, मागे फिरणं नाही. अर्ज काही लिहून होईना. वर्ग सुटल्यावर फाटकापर्यंत तो माझ्यासोबत चालत येई. एकदा म्हणाला, “सर, लई वर्षं झाली गुडघे टेकून राहिलो. बाकीच्यायला काहीतरी जाणवतं म्हणे. मला कधीच न्हाई. एकदा, फक्त एकदा काही झालं तर अर्ज देतो. न्हाई तर गावाकडं जातो.”

मी म्हणालो, “असं काही होत नसतं, ब्रदर. निर्णय विचार करून घ्यावा.”

तो हसला. “तुम्हाला काय, तुमचं बरं हाय.”

एप्रिल होता. त्या दिवशी मी वर्गाच्या बराच आधी पोचलो आणि वीज गेलेली. व्हरांड्यात ऊन आलेलं. रेक्टर फादर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, म्हणाले, “सर, चॅपलमध्ये गार आहे, तिथं बसा.” आणि हळूच, “मागंच बसा हं. नाहीतर उद्या गावात बोंब व्हायची, फादरनी मास्तर बाटवला!”

चपला बाहेर काढून मी आत गेलो. ब्रदर मंडळी वेदीकडे तोंड करून सतरंज्यांवर बसली होती. आराधना चालू होती. मी शेवटी, भिंतीला पाठ टेकून बसलो. मनात कसलाही भक्तिभाव नव्हता. एका दाढेने सकाळपासून छळलं होतं, तिचा विचार करत होतो.

तेव्हा माझ्या डोक्यावर दोन तळहात ठेवले गेले.

स्पर्श म्हणजे काय, हे नीट सांगतो. वाऱ्याची झुळूक नव्हे, झिणझिण्या नव्हेत. ओझं होतं. बोटं केसांतून टाळूला टेकली होती. मला वाटलं, फादर थट्टा करताहेत. मग ते हात उचलले गेले आणि दुसरे आले... हाडकुळे, कोरडे. मग आणखी एक जोडी, जड. मी डोळे उघडले. समोर सगळ्यांच्या पाठी. माझ्या मागे भिंत. आणि ते जड हात अजून माझ्या डोक्यावरच होते. मग तेही उचलले गेले.

मी घाबरलो नाही. त्या दुपारी वर्गही घेतला. पुढे डॉक्टरांकडे गेलो. रक्तदाब ठीक, मेंदूच्या तपासणीत काही नाही.

पण तपासण्या नंतरच्या. त्याच दिवशी फाटकाशी मी सुधाकरला सहज विचारलं, “ब्रदर, तुमच्यात डोक्यावर हात ठेवायची काही पद्धत आहे का? एकामागून एक, वेगवेगळ्या माणसांनी?”

तो थांबला. “दीक्षेत असती. आधी बिशप ठेवतात, काही न बोलता. मग बाकीचे फादर, एकेक करून. तुम्ही कधी बघितली?”

“नाही.” टीव्हीवर ओझरती पाहून विसरलो असेन, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. आठवत मात्र नाही.

“मग का विचारून राहिले?”

मी सांगितलं. सांगताना त्याचा चेहरा पाहिला आणि वाक्य अर्ध्यावर सोडावंसं वाटलं. पंगतीत शेजारचा उपाशी बसलेला असावा आणि त्याचं वाढलेलं पान आपल्यापुढे यावं... तेही आपल्याला भूक नसताना. तशी शरम मला जन्मात कधी वाटली नव्हती.

“तुमच्या डोक्यावर?” तो म्हणाला. “सर, तुम्ही तर मानतबी न्हाई!”

“नाही मानत. आजही नाही.”

दुसऱ्या दिवशी वर्गानंतर तो मला रिकाम्या चॅपलमध्ये घेऊन गेला आणि समोर गुडघ्यांवर बसला. “कसे ठेवले होते? दाखवा.”

“अरे, मी कोण हात ठेवणारा?”

“मग कुणाला सांगू? दुसऱ्या कुणाला म्हाईत हाय?”

मी ठेवले. जसे आठवत होते तसे, तेवढ्याच ओझ्याने. चोरीची वस्तू परत करावी, तसे. तो म्हणाला, “तुमचेच हायत, सर. खडूचा वास येऊन राहिला.”

“मला माफ कर.”

“माफी कशाची?” तो उठला, गुडघे झटकले.

त्या संध्याकाळी त्याने अर्ज दिला. मी अक्षरशः विनवलं त्याला — तुला काहीच जाणवलं नाही, मग कशाच्या भरवशावर? तो म्हणाला, “तुम्ही कधी खोटं बोलत न्हाई, सर. तुमच्याकडं आलं म्हणजे इथं येतंय. माझ्याकडं येवो न येवो.”

त्याची दीक्षा झाली. आमंत्रण होतं, मी गेलो नाही. आता तो बिलोलीकडे कुठेतरी फादर आहे, लोकांच्या डोक्यावर हात ठेवतो. कधीतरी फोन येतो. दर वेळी वाटतं, सांगून टाकावं की त्या दुपारी मला भास झाला असावा. म्हणजे त्याचं आयुष्य माझ्या शब्दावर उभं राहणार नाही. पण तोंड उघडत नाही, कारण तो भास नव्हता. ज्याच्यावर माझा विश्वास नाही त्याचा मी एकमेव साक्षीदार आहे, आणि एका माणसाने माझ्या साक्षीवर घर सोडलं आहे. ते हात कुणाचे होते, हे मला आजही ठाऊक नाही. समासात काय लिहावं, तेही सुचलेलं नाही.